तीन नंबरचं झाकण

माझ्या मावशीला, जनकाबाईला, वाचता येत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात सगळी घाण वाचता येणाऱ्या माणसांनी केली, आणि त्यात पहिला नंबर माझा.

मी हिंगोलीत एका कॉलेजात सी भाषा शिकवते. पोरांना वाटतं ही भाषा म्हातारी झाली, हिला आता कोण विचारतं. मी त्यांना म्हणते, घरच्या वॉशिंग मशीनला विचारा, गावातल्या पाण्याच्या मोटारीला विचारा, मग बोला. असं बोलायची मला सवय आहे. शिकवणाऱ्या बाईला थोडी शेखी लागतेच, नाहीतर मागच्या बाकावरची पोरं तिला खाऊन टाकतात. त्याच शेखीत दोन वर्षांपूर्वी मी डोंगरकड्याला तातेरावकाकांच्या हळदीच्या खळ्यावर एक पेटी बसवून दिली.

तातेरावकाकांचं खळं मोठं. मधे पाण्याची बंद टाकी, तिच्याखाली पऱ्हाट्या-तुराट्यांचा जाळ, आणि टाकीतून निघालेल्या पाइपांवर माणसाच्या उंचीचे चार लोखंडी ड्रम. ड्रममधे कच्ची हळद भरायची, झाकण लावायचं, वाफ सोडायची, पाऊण तासानं हळद शिजली की वाळत घालायची. माघ-फाल्गुनात हे सकाळपासून दिवस मावळेपर्यंत चालतं. प्रत्येक ड्रमवर एक बाई. तीन नंबरवर सहा वर्षं मावशी होती. ती त्याला ‘माझा’ म्हणायची. ‘माझा आज लवकर तापला,’ असं. ऐकणाऱ्याला वाटावं नवऱ्याबद्दल बोलतेय. नवरा जाऊन तिला पंधरा वर्षं झाली, आणि आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं.

झाकणाला चार खिट्या असतात. मावशीकडे बाभळीचा एक दांडका होता. झाकण लावलं की ती प्रत्येक खिटीवर तीन ठोके घालायची आणि कान देऊन ऐकायची. ‘बसली की आवाज बदलतो,’ ती म्हणायची. चार खिट्या, बारा ठोके. मग वाफ सोडायची. बारा ठोक्यांआधी तिनं कधी वाफ सोडली नाही.

माझी पेटी शेडच्या भिंतीवर. तिच्यातला प्रोग्राम चारही ड्रमची उष्णता बघतो, आतला दाब बघतो, झाकणाच्या खिट्या पुऱ्या बसल्यात का ते बघतो, आणि बसच्या तिकिटाएवढ्या रुंद कागदावर छापत राहतो. काही चुकलं की शिट्टी वाजते आणि काय चुकलं ते सांगणारा मेसेज कागदावर येतो. हळदीवर देखरेख करणारा वैजनाथ तो कागद वाचून बायांना ओरडून सांगतो, कारण चौघींपैकी एकीलाच थोडंफार वाचता येतं.

त्या मेसेजांचा मला फार अभिमान होता. इतरांची यंत्रं ‘एरर सतरा’ असं काहीतरी छापतात, मग सतरा म्हणजे काय ते बघायला पुस्तक शोधा, पुस्तक उंदरांनी खाल्लेलं. माझी पेटी माणसासारखं मराठीत सांगायची. त्यासाठी मी एक फंक्शन लिहिलं होतं, नावच त्याचं ‘चूक’. सगळ्या प्रोग्राममधून जी काही तक्रार निघायची ती या एकाच दारानं बाहेर जायची. त्याला एक साचा द्यायचा, आणि साच्यातल्या रिकाम्या जागी भरायचे आकडे द्यायचे. ‘अमुक नंबरच्या ड्रमचं झाकण बसलेलं नाही, आतला दाब अमुक.’ तलाठ्याकडं दाखल्याचा छापील नमुना असतो, नाव आणि गाव तेवढं पेनानं भरायचं, तसं. साचा एक, दाखले हजार.

आता पहिल्या वाफेचं सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं.

तातेरावकाकांच्या खळ्यावर पहिली वाफ लक्ष्मीआईची. शेडच्या बाजूला लिंबाखाली तिचा शेंदूर लावलेला दगड आहे. रोज सकाळी एक नंबरचा ड्रम भरतात, झाकण नुसतं वर ठेवतात, खिट्या लावत नाहीत, आणि थोडी वाफ सोडतात. फटीतून हळदीचा तो पिवळा, कडू-गोड वास निघतो आणि लिंबाखाली जातो. काका हात जोडतात, नारळ फोडतात, मग झाकण बंद. त्यांच्या आजोबांपासूनचं आहे. आम्ही बुद्धवंदना करणारी माणसं, आमच्याकडं वाफेला देव नाही, वाफ फार तर चहाची. मावशी तेवढा वेळ जाळापाशी उभी राहायची आणि नारळाचा तुकडा मात्र आवडीनं खायची. कुणाचं काही म्हणणं नव्हतं.

म्हणणं होतं माझ्या पेटीचं. झाकण उघडं आणि आत वाफ, म्हणजे पेटी बोंबलणार. शिट्टी, आणि कागदावर ओळीमागून ओळ: १ नंबरच्या ड्रमचं झाकण बसलेलं नाही. १ नंबरच्या ड्रमचं झाकण बसलेलं नाही. काकांचे हात जोडलेले आणि मागं हे.

यंदाचा हंगाम लागला तशी मी एका रविवारी मावशीला भेटायला गेले, तेव्हा काकांनी मला बाजूला घेतलं. माणूस सभ्य आहे, कधी आवाज चढवत नाही.

‘मॅडम, तुमची पेटी चांगली हाय. पर सकाळी सकाळी देवीम्होरं चूक-चूक करून राहिली. गड्याबायांच्या मनात येतं काहीतरी. एकदा सांगावं, आमी ना कुठं म्हणून राहिलो? पर एकदा सांगितलं की कळतं माणसाला. सारखं काहून?’

बोलणं काही चूक नव्हतं. मला तर थोडं हसूही आलं. मी तिथंच हळदीच्या पोत्यावर लॅपटॉप मांडला, एका हातात चहा. सांगून झालेली चूक त्या दिवशी पुन्हा छापायची नाही, शिट्टी नाही, नुसती पेटीतल्या कार्डावर वेळेसकट लिहून ठेवायची. काम पाच मिनिटांचं. मग वैजनाथनं एक नंबरचं झाकण उचललं, शिट्टी वाजली, एक ओळ आली. बंद केलं, पुन्हा उचललं. पेटी गप्प. तिसऱ्यांदा उचललं. गप्प.

‘शानी झाली,’ वैजनाथ म्हणाला, आणि सगळे हसले. मावशीनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला दोन इंच उंच झाल्यासारखं वाटलं. दोन नंबरच्या शिलाला ती म्हणाली, ‘आमच्या ऐशूनं केली ती. आमची ऐश्वर्या.’ शिलाला हे दोन वर्षांपासून माहीत होतं.

पुढं दीड महिना काही झालं नाही.

मग एका रविवारी मी पुन्हा गेले. मावशी दुपारची भाकर खात बसली होती, तीन नंबरकडं पाठ करून. त्याची ऊब पाठीला बरी वाटते म्हणायची. बोलता बोलता म्हणाली, ‘माझा हलकी शिट्टी घालून राहिला चार दिसांपासून. एक खिटी घासली वाटतं.’

‘मग सांगायचं ना वैजनाथभाऊला.’

‘सांगितलं. तो म्हणला पेटी काही बोलून राहिली काय? न्हाई ना. मंग ठीक हाय.’ तिनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. ‘खरंच हाय ते. बिघाड असता तं पेटी बोलली असती.’

‘बोलली असती,’ मी म्हणाले. मी म्हणाले. हे वाक्य माझ्या तोंडून गेलं, आणि ते मी आजवर शंभरदा मनात परत गिळायचा प्रयत्न केला आहे.

तेव्हा मला आणखी एक गोष्ट दिसली होती. दांडका भिंतीला टेकवलेला, त्यावर धूळ. मी विचारलं तर मावशी जरा ओशाळली. वैजनाथ म्हणाला होता, खिटी बसली का न्हाई ते पेटी सांगते, ठोक्यापायी वेळ काहून घालवून राहिली. चार ड्रम, दिवसाला सहा खेपा, त्याचा हिशेब बरोबर होता. यंत्रानं माणसाचे कष्ट वाचवले, असं मला तेव्हा वाटलं. बरंसुद्धा वाटलं.

चार दिवसांनी, गुरुवारी, मी दुसऱ्या वर्षाला हेच शिकवत होते. प्रोग्राममधून चूक सांगणारा मेसेज नीट कसा छापायचा, साचा कसा द्यायचा, जागा किती आणि कोणत्या आहेत हे आधी माहीत नसताना त्या कशा भरायच्या. साडेअकराची वेळ, पंखा बंद, पोरं पेंगलेली. उदाहरण म्हणून मी फळ्यावर माझं ‘चूक’ फंक्शन लिहिलं, अख्खं. खऱ्या खळ्यावर चालू असलेलं, असं दोनदा सांगितलं. मग पुन्हा न छापायची जी सोय केली होती तीही लिहिली.

‘चूक जुनी की नवी हे ठरवताना मी भरलेलं वाक्य बघत नाही,’ मी म्हणाले. ‘नुसता साचा बघते. साचा ओळखीचा निघाला की तिथूनच परत फिरायचं. साचा आणि आकडे नुसते कार्डावर टाकते, छापायला वाक्य भरत बसायचं कामच नाही. वेळ वाचतो.’

मागच्या बाकावर पुनम म्हणून एक मुलगी बसते, साखऱ्याची. वर्षभरात चार वाक्यं बोलली असेल. तिनं हात वर केला.

‘मॅडम, सकाळी एक नंबरचं सांगून झालं. मंग दुपारी दोन नंबरचं झाकण उघडं राहिलं तर ती सांगंल का?’

मी फळ्याकडं बघितलं. खडू माझ्या हातात होता. साचा तोच. ‘अमुक नंबरच्या ड्रमचं झाकण.’ एक नंबर असो, तीन नंबर असो, साचा तोच. रोज सकाळी लक्ष्मीआईच्या वाफेला एक नंबरची चूक छापून होते, आणि त्यानंतर दिवसभर कुठल्याच ड्रमचं झाकण माझी पेटी सांगणार नव्हती. दीड महिना सांगत नव्हती. मी तिला एक झाकण उचलून तपासलं होतं. तेच एक, तीनदा.

माझा हलकी शिट्टी घालून राहिला.

 पोरांना काही न सांगता मी वर्गाबाहेर आले आणि वैजनाथला फोन लावला. मावशीकडं फोन नसतो, जाळाजवळ खराब होतो म्हणून ती घरी ठेवून येते. वैजनाथचा सहा वेळा वाजला. सातव्यांदा उचलला, मागं वाळलेल्या हळदीला पॉलिश करणाऱ्या यंत्राचा खडखडाट.

‘वैजनाथभाऊ, तीन नंबरची वाफ बंद करा. आत्ता. झाकण बसलेलं नाही.’

‘कोन सांगितलं?’

‘मी सांगते ना.’

‘मॅडम, पेटी बराबर चालू हाय. कायबी चूक न्हाई.’

‘पेटी सांगणार नाही. पेटीत बिघाड आहे. तुम्ही जाऊन खिट्या बघा.’

तो हसला, वाईट अर्थानं नाही. ‘तुमचीच पेटी हाय, मॅडम. दोन सालापासून एक डाव खोटी बोलली न्हाई. थांबा, बघून सांगतो.’ मी कानाला फोन लावून जिन्यात उभी राहिले. पावलांचा आवाज गेला, आला. ‘बघितलं. ठीक हाय.’

‘काय बघितलं? खिट्या?’

‘कागद. कोरा हाय.’

कोरा कागद हा शब्द मी याआधी किती वेळा आनंदानं ऐकला असेल.  त्या दिवशी तो ऐकून मी ओरडले, शिव्या दिल्या बहुतेक. तो म्हणाला ऐकू येत न्हाई, खेप झाली की फोन करतो, आणि ठेवून दिला. काकांचा फोन लागला नाही. डोंगरकड्यात आणखी कुणाचा नंबर माझ्याकडं नव्हता. शिलाचा कधी घ्यावासा वाटला नव्हता.

मी स्कूटी काढली. हिंगोली ते डोंगरकडा, कळमनुरीवरून, बाळापूरवरून, सव्वा तास तरी. रस्त्याच्या दोन्ही बाजूला हळद वाळत घातलेली, ताडपत्र्यांवर, अंगणांत, डांबराच्या कडेला सुद्धा. सगळीकडं पिवळं, सगळीकडं तो वास. मधेच कुठल्यातरी शेतात वाफेचा पांढरा लोट दिसायचा आणि मी स्कूटी आणखी पळवायचे. कळमनुरीत थांबून फोन केला, नाही. बाळापुरात केला, वैजनाथचा बंद. मी मनात आकडे मांडत होते. घासलेली खिटी, हळूहळू सरकणारी. आज पाचवी खेप, नाही, चौथी. दाब अजून कमी असेल. मावशी जेवायला उठली असेल. मग आठवलं ती कुठं बसून जेवते, आणि आकडे मांडणं बंद झालं.

खळ्यावर पोचले तेव्हा सव्वा वाजला होता. पॉलिशचं यंत्र बंद. एवढं मोठं खळं आणि कुणी बोलत नव्हतं. जाळ मात्र चालूच होता, तो विझवायचं कुणाला सुचलं नव्हतं. तीन नंबरचं झाकण शेडच्या पत्र्याला लागून खाली पडलेलं, पत्र्याला खोक पडलेली. अर्धी कच्ची अर्धी शिजलेली हळद जमिनीवर लांबपर्यंत उडालेली, आणि तिच्यात मावशीचं भाकरीचं फडकं. भिंतीवर माझी पेटी शांतपणे उष्णता छापत होती.

शिला जवळ आली. तिचे डोळे सुजले होते. ‘काकाच्या गाडीत नांदेडला नेलं. जित्ती हाय. पाठ न् उजवा हात… तोंडाला थोडं.’ तिनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, ‘बारा वाजता गेलं झाकण. कुणाला कायबी कळलं न्हाई.’

बारा वाजता मी कळमनुरीच्या अलीकडं होते. म्हणजे मी जिन्यात उभी राहून ओरडत होते तेव्हा ती अजून धड होती.

वैजनाथ शेडमधे बसला होता, हातात कागदाची गुंडाळी. मला बघून उभा राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच त्यानं केलं.

‘हे बघा, मॅडम. कागद साफ हाय. सकाळी देवीची एक ओळ, मंग काई न्हाई. बाईनंच झाकण बराबर लावलं न्हाई आन् लावल्यावर हलवलं असंल. पोलीस आले तं मी हेच दाखवणार. मशीन खोटं न्हाई बोलत.’

भोवती दहाबारा माणसं उभी होती. कुणी मान हलवली. जनकाबाईचं वय झालं आता, असं कुणीतरी हळूच म्हणालं.

मी पेटी उघडली. आतलं कार्ड नखाएवढं असतं. एक कबूल करते: ते कार्ड मुठीत घेऊन मी थोडा वेळ नुसती उभी राहिले. कागद साफ होता. कार्डाबद्दल माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. ते जाळात टाकलं असतं तर माझी पेटी चांगली राहिली असती आणि मावशी म्हातारी. जाळ चार पावलांवर होता. मग मी ते पर्समधे टाकलं आणि नांदेडला निघाले. हा काही मोठेपणा नाही. जाळाकडं जायला पाय उचलले नाहीत, एवढंच.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी मला तिच्याजवळ बसू दिलं. पाठीवर झोपता येत नव्हतं म्हणून तिला कुशीवर टेकवून ठेवलं होतं. उजवा हात पांढऱ्या गाठोड्यात. डॉक्टर म्हणाले होते, तो हात राहिला तरी बोटं वळणार नाहीत. तिच्या अंगाला औषधांच्या वासातूनही हळदीचा वास येत होता.

मला बघून ती आधी रडली. मग म्हणाली, ‘माझाच हात चुकला असंल, माय.’

‘नाही, मावशी.’

‘चुकला असंल. मला तं वाटतं मी चारी लावल्या. पर पेटी बोलली न्हाई म्हंजे… ती तं न्हाई चुकत. तू केलेली हाय.’ तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. ‘काका बोलले काय तुला? तुझ्या नावाला बट्टा लागला काय माझ्यापायी?’

मला वाटलं आपण इथंच जमिनीत जावं. तिची पाठ भाजली होती आणि ती माझी माफी मागत होती. कार्ड मी आदल्या रात्रीच वाचलं होतं. मी तिला सांगितलं. साचा, आकडे, पुनम यातलं काही नाही. साधंच सांगितलं: पेटीला दिसलं होतं, मावशी. नऊ दिवसांपासून दिसत होतं. तीन नंबरचं झाकण बसलेलं नाही, असं तिनं तीनशे बारा वेळा लिहून ठेवलंय. खिटी सरकली की मिनिटागणिक. अपघाताच्या आधीच्या मिनिटालासुद्धा.



‘तिला ठाव व्हतं?’

‘हो.’

‘मंग मला काहून न्हाई सांगितलं?’

‘मी तिला गप्प केलं होतं. काकांनी एक नंबरचं सांगितलं होतं, मी सगळ्यांचंच तोंड बंद करून ठेवलं. आणि मला ते कळलंही नाही.’

तिनं माझं मनगट सोडलं. सोडणं तसं काही विशेष नव्हतं, हात थकला असेल. पण मला ते अजून जाणवतं. पलीकडच्या खाटेवरची बाई कण्हत होती. नर्स येऊन सलाइन बघून गेली. मग मावशी भिंतीकडं बघत म्हणाली, ‘ठोके घालत व्हते तवा मला माझं कळत व्हतं.’



‘वैजनाथला वाचून दाखव,’ ती म्हणाली. ‘समद्यांम्होरं. मी चारी लावल्या व्हत्या म्हणून सांग. पहिल्या वाफेच्या टायमाला जा, तवा समदे असतात.’

‘किती वाचू?’

‘जेवढ्या डाव तिनं लिवलं तेवढ्या डाव.’

सोमवारी सकाळी मी खळ्यावर गेले. चार दिवस बंद राहून खळं त्याच दिवशी पुन्हा लागणार होतं, शेतात हळद थांबत नाही. तीन नंबरची जागा रिकामी होती. पेटी मी आदल्या दिवशीच उतरवली होती. एक नंबर भरलेला, झाकण नुसतं वर ठेवलेलं, फटीतून पहिली वाफ निघत होती. काका लिंबाखाली हात जोडून उभे. शिला, इतर बाया, भरणारे गडी, वैजनाथ, सगळे.

नारळ फुटेपर्यंत मी थांबले. मग कागदाची गुंडाळी सोडली. त्याच छोट्या प्रिंटरवर मी ती छापून आणली होती, त्याच अक्षरांत, म्हणजे कुणाला शंका नको. आधी सांगितलं की चूक माझी आहे, जनकाबाईनं चारी खिट्या लावल्या होत्या, एक घासलेली होती, आणि ते तिनं सांगितलंही होतं. वैजनाथनं मान खाली घातली. मग वाचायला लागले. तारीख, वेळ, ३ नंबरच्या ड्रमचं झाकण बसलेलं नाही, आतला दाब एवढा. तारीख, वेळ, ३ नंबरच्या ड्रमचं झाकण बसलेलं नाही.

पाचव्या-सहाव्या ओळीला लोकांनी एकमेकांकडं बघितलं. विसाव्या ओळीला शिला रडायला लागली. चाळिसाव्या ओळीपर्यंत माझा घसा सुकला होता आणि कागद अजून पायापाशी गुंडाळलेलाच होता. दाबाचे आकडे हळूहळू वर चालले होते, ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते कळत होतं, आणि शेवटची ओळ कोणत्या तारखेची आहे हेही. एका बाईनं जाऊन आपल्या ड्रमच्या खिट्या हातानं दाबून बघितल्या.

तातेरावकाकांनी डोळे पुसले. ते पुढं आले आणि माझ्या हातावर हात ठेवला. आवाज त्यांचा नेहमीसारखाच, सभ्य.

‘बास करा, मॅडम. एकदा सांगितलं की कळतं माणसाला.’

मी त्यांचा हात बाजूला केला आणि पुढची ओळ वाचली.